हात वर, भाऊजी!

"तुम्ही मेलात, शालनबाई. झोपा."

मी पिकोच्या मशीनवर बसले होते. मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हटलं, "चाचा, ह्या साडीचं गिऱ्हाईक बारा वाजता यायचंय."

"मेलेल्या माणसाकडं गिऱ्हाईक येत नसतं. झोपा."

झोपले. खाली जागाही फार उरली नव्हती, कारण माझ्याआधी तिघं मेले होते. माझ्या सासूबाई कापडाच्या गठ्ठ्याला टेकून मेल्या होत्या आणि मेल्यावरही मिसरी लावायच्या थांबल्या नव्हत्या. पोस्टमास्तरांच्या बायको ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या, त्या स्टुलावर मान टाकून बसल्या होत्या. आणि दारातून नुसता डोकावलेला भंगारवाला उंबऱ्यावर आडवा होऊन "उठू का आता?" असं दर मिनिटाला विचारत होता.

आम्हा चौघांना मारणारी बाई मधोमध उभी होती. पन्नाशीची, चष्मा लावलेली, हातात लाकडी रिव्हॉल्वर.

"अगं बाई," कुमुदताई म्हणाल्या, "मी तर नुसती पदर सावरायला वळले हो."

"वळताना नळी कुठनं कुठं गेली?" मुल्लाचाचांनी विचारलं.

"मशीनवरनं दाराकडं."

"मग त्या वाटेत जे जे आलं ते मेलं. ह्यांना मारायचं होतं तुम्हाला?"

"छे हो!"

"मग नळीचं तोंड ह्यांच्याकडं गेलंच कसं? रिकामी असूद्या, लाकडाची असूद्या. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडं ते तोंड जायचं नाही. चला, परत."

आम्ही चौघं उठून जिवंत झालो आणि परत मरायच्या तयारीला लागलो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कऱ्हाड-विटा रस्त्यावर, आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर निकमांचा पेट्रोल पंप होता. सर्जेराव निकम आदल्या दिवाळीत हार्ट अटॅकनं गेले आणि पंप त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या गळ्यात आला. पंपाचा भरणा रोज गावातल्या बँकेत न्यावा लागायचा. मधे तीन किलोमीटर निर्मनुष्य माळ. सर्जेराव असताना भरणा नेताना कमरेला रिव्हॉल्वर लावायचे, रीतसर लायसनचं. ते गेल्यावर रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा झालं. ते वारसानं आपल्या नावावर मिळावं म्हणून कुमुदताईंनी अर्ज केला, आणि त्यावर त्यांच्याच दिरानं हरकत घेतली.

हरकतीची नक्कल ताईंनी मला दाखवली होती. "अर्जदार बाईस चष्मा असून स्वभावाने भित्र्या आहेत. पाल बघून किंचाळतात. हत्यार हाती दिल्यास लोकांच्या जिवास धोका संभवतो."

"पालीचं खरंय," ताई म्हणाल्या होत्या. "पण म्हणून सरकारला कळवायचं?"

त्या दिराचा, जयसिंगरावांचा हिशेब सरळ होता. वहिनींना लायसन नाही म्हणजे भरणा नेणं नाही, भरणा नाही म्हणजे पंपावर कुणीतरी पुरुषमाणूस पाहिजे, आणि ताईंचा मुलगा अजून शिकत होता, तेव्हा पुरुषमाणूस म्हणजे ते. महिन्याभरानं मोठ्या साहेबांपुढं चौकशी होती. तिथं ताईंनी हत्यार नीट हाताळून दाखवायचं होतं. दाखवता आलं नाही तर अर्ज फेटाळणार, आणि अर्जामागोमाग पंपही जाणार.

उस्मान मुल्ला, आम्ही त्यांना मुल्लाचाचा म्हणायचो, ते पोलिसांतून निवृत्त झालेले हवालदार. एकतीस वर्षं हत्यारांच्या कोठीवर होते. हत्यारं साफ करायची, दुरुस्त करायची, नव्या पोरांना शिकवायची. कुणी त्यांना शिक्षण विचारलं की दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. "दहाच्या दहा बोटं शाबूत. आमच्या धंद्यात ह्यापेक्षा मोठी डिग्री नाही." खरं हत्यार तर ठाण्यात जमा, म्हणून त्यांनी सुताराकडून शिसवी रिव्हॉल्वर करून घेतलं होतं आणि आत शिसं ओतून वजन बरोबर खऱ्याइतकं आणलं होतं.

आणि ह्या सगळ्यात मी का? तर साडीमुळं.

पुरुषाला काय, पँट असते, पट्टा असतो, पट्ट्याला कव्हर अडकवलं की झालं. वर शर्ट सोडला की दिसतही नाही. साडीत हत्यार ठेवायचं कुठं? पहिल्या दिवशी ताईंनी लाकडी रिव्हॉल्वर आपल्या पान-सुपारीच्या बटव्यात घालून आणलं. चाचांनी बटवा उघडला, आत हात घातला आणि एकेक वस्तू माझ्या कटिंगच्या टेबलावर मांडली. चुन्याची डबी. किल्ल्या. अडकित्ता. रिव्हॉल्वर.

"बाईसाहेब, हा अडकित्ता चापात अडकला तर?"

"चाप म्हणजे?"

"जो ओढला की गोळी सुटते तो. बटवा खांद्याला, तोंड वर, आतनं अडकित्त्यानं चाप ओढला. गोळी कुठं?"

ताईंनी बटवा खांद्याला लावून बघितला. मग हळूच स्वतःच्या कानाला हात लावला.

"सुपारी सोडा नाहीतर हत्यार सोडा," चाचा म्हणाले. "एका घरात दोघं नांदणार नाहीत."

तेव्हापासून मी कामाला लागले. चाचा सांगायचे आणि मी शिवायची. कव्हर जाड पाहिजे, चाप पुरता झाकला पाहिजे, म्हणजे बाहेरून बोट काय, काडीसुद्धा पोचता कामा नये. तोंड ताठ पाहिजे, कापडासारखं मिटता कामा नये. आत दुसरी कुठली वस्तू नाही. आणि रोज त्याच जागी, म्हणजे हाताला ते शोधत फिरायला नको. मी आधी परकराच्या नाडीला लावून बघितलं. ताई दोन पावलं चालल्या आणि परकर, नाडी, रिव्हॉल्वर, सगळं खाली निघालं. मग खाटेची निवार आणली, चार बोटं रुंद, तिचा पट्टा केला आणि परकरावरनं आवळला. कव्हरला कॅनव्हासच्या आत चपलेचं चामडं घातलं. वरनं झाप आणि एक चापबटण. ब्लाऊज वीतभर लांब केला. निऱ्या उजवीकडून थोड्या अलीकडं घेतल्या. चौथ्या खेपेला जमलं. ताई दुकानभर फिरल्या, पाटावर बसल्या, उठल्या, वाकून सासूबाईंच्या पाया पडल्या. कुठं काही दिसलं नाही.

"आता काढून दाखवा," चाचा म्हणाले.

ताईंनी पदर बाजूला केला, बटण काढलं, मूठ धरली, आणि रिव्हॉल्वरबरोबर तीन निऱ्या आणि माझा भिंतीवरचा कॅलेंडरचा दोरा ओढून आणला.

"चाप?" चाचांनी विचारलं.

ताईंनी खाली बघितलं. बोट चापावर होतं. त्यांनी ते चटका बसल्यासारखं काढून बाजूला सरळ धरलं.

"निऱ्या नंतर बघू," चाचा म्हणाले. "बोट आधी."

असं तीन आठवडे चाललं. त्या तीन आठवड्यांत मी एकंदर बावीस वेळा मेले. पोस्टमास्तरांच्या बायकोनं ब्लाऊज दुसरीकडं टाकला. पण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा आला की दुकानात कुणीच मेलं नाही. भंगारवाला मुद्दाम येऊन दारात थांबला होता, तोही जिवंतच परत गेला. त्याला जरा वाईटच वाटलं असावं.

चौकशीला दोन दिवस उरले तेव्हा ताईंनी निरोप पाठवला की पंपावर टँकर यायचाय, तो खाली होईपर्यंत मला हलता येणार नाही, तेव्हा शेवटचं फिटिंग पंपावरच करू. मी माझी पिशवी घेतली, त्यात कातर, टेप, खडू, अर्धी ब्लेड, सुई-दोरा. चाचांना स्कूटरवर मागं घेतलं आणि सकाळी दहाच्या सुमाराला पोचलो.

टँकर लागला होता. जाड पाइप जमिनीतल्या टाकीला जोडलेला, पेट्रोलचा वास नाकात बसेल असा. पंपावरचे सगळ्यात जुने कामगार सदाशिवतात्या वाळूच्या बादल्या शेजारी मांडून उभे होते. पलीकडच्या बाजूला डिझेलसाठी चार ट्रॅक्टर आणि एक वऱ्हाडाची बस रांगेत. ताईंनी ऑफिसात पट्टा बांधला, कव्हरात लाकडी रिव्हॉल्वर ठेवलं, वर पदर घेतला आणि बाहेर येऊन पंपाच्या कामात लागल्या. चाचा बाकावर बसून नुसतं बघत होते.

"दिसतंय?" ताईंनी मला हळूच विचारलं.

"मी शिवलंय म्हणून मला ठाऊक. नाहीतर नाही."

तेवढ्यात जयसिंगराव आले.

माणूस तसा देखणा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, तीही पुण्याला शिवलेली, खालून पाय आवळून धरणारी, तेव्हा तसलीच निघाली होती. पोटाचा घेर चांगला. त्यांच्याकडं स्वतःचं पिस्तूल होतं, आणि ते आहे हे तालुक्यात कुणाला माहीत नसेल तर ते शर्ट वर करून दाखवायचे. कव्हर नाही, काही नाही. पँटच्या कमरेत नुसतं खोचलेलं.

"काय हवालदार," ते चाचांना म्हणाले, "आमच्या वहिनींना झाशीची राणी करताय म्हणे?"

"कव्हर कुठंय तुमचं, जयसिंगराव?" चाचांनी विचारलं.

"आम्हाला कव्हर लागत नाही. पोट आहे की!" त्यांनी शर्ट वर करून पोटावर थाप मारली. पोट आणि पट्टा यांच्यामधे पिस्तूल घट्ट बसलेलं होतं. मग ते हसत हसत उपसलं, हवेत गोल फिरवलं आणि परत खोचलं. गोल फिरवताना नळी चाचांवरनं, माझ्यावरनं, तात्यांवरनं आणि टँकरवरनं गेली. चाचांनी डोळे मिटून घेतले.

"सही करा वहिनी," जयसिंगरावांनी खिशातून कागद काढला. "अर्ज मागं घेताय म्हणून. परवा साहेबांपुढं घराण्याची शोभा नको."

"सही नाही करायची मी, भाऊजी."

"का?"

"पंप मी चालवणार. भरणा मी नेणार. ह्यांचं हत्यार मी सांभाळणार."

जयसिंगरावांचा चेहरा उतरला. मग चढला. रांगेतले लोक ऐकत होते, ते त्यांना सोसलं नाही.

"दादाचं हत्यार!" ते म्हणाले. "छातीत दुखतंय म्हणून दादा रात्रभर तळमळत होता, आणि तुम्ही त्याला ओवा चारत बसलात. दवाखान्यात न्यायला सकाळ केली. तुम्ही मारलात त्याला. आणि आता त्याचंच हत्यार कमरेला लावून मिरवणार?"

 टँकरच्या पाइपातून पेट्रोल जात होतं तेवढाच आवाज. मी ताईंकडं बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. उजवा हात पदराखाली गेला होता.

जयसिंगरावांना वाटलं, जिंकलो. त्यांनी छाती पुढं काढली. आता माणसानं छाती पुढं काढली की पोट आत जातं, आणि त्या पोटावरच तर सगळी भिस्त होती.

पिस्तूल सुटलं. कमरेतून आत, मांडीवरून खाली, आणि गुडघ्याच्या वर जिथं ती पुण्याची पँट आवळली होती तिथं जाऊन अडकलं. जयसिंगरावांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मग त्यांनी पँटमधे सरडा शिरल्यासारखा पाय झटकला आणि दोन्ही हातांनी कापडावरूनच ते चाचपायला सुरुवात केली.

"हात वर!"

मला वाटलं, पोलीस आले. आवाज कुमुदताईंचा होता. पाल बघून किंचाळायचा तो आवाज नव्हताच.

"हात वर, भाऊजी! पायाला हात लावायचा नाही. हलायचं नाही."

जयसिंगरावांनी हात वर केले. रांगेतल्या लोकांना एवढंच दिसलं की कुमुदताईंचा एक हात पदराखाली आहे आणि दीर हात वर करून उभा आहे. ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टर सोडून ओढ्याकडं पळाले. बसमधून एक बाई ओरडली, "अगं, निकमाच्या बाईनं दिराला धरलं गं!"

"तात्या, टँकरचा कॉक बंद करा. पंपाचं मेन बंद करा," ताई बोलत होत्या. "बसवाल्याला सांगा, सगळ्यांना घेऊन रस्त्यापलीकडं जा. ड्रायव्हर, तुम्हीपण. भाऊजी, नळीत गोळी चढवलेली आहे?"

"आहे."

"खटका लावलाय, चाप अडवणारा?"

"न्हाई." मग अगदी बारीक आवाजात, "खटका लावला तर ऐनवेळी काढायला येळ जातो, वहिनी."

मी चाचांकडं धावले. "चाचा, उठा की! तुम्ही काढा."

चाचा बाकावर तसेच बसून होते. "मी मेलोय, शालनबाई. मघाशी जयसिंगरावांची नळी माझ्यावरनं गेली. मेलेला माणूस बोलत नसतो." आणि मग खालच्या आवाजात, "बाईसाहेबांना ठाऊक आहे काय करायचं. तुम्ही त्यांचं ऐका."

कंपाउंडच्या कामासाठी काढलेल्या मातीची रास कोपऱ्यात होती, टँकरपासून चाळीसेक पावलं. ताईंनी जयसिंगरावांना तिकडं चालवत नेलं. हात वर, एक पाय ताठ, लाकडी बाहुलीसारखे. राशीपाशी नेऊन त्यांना पाय फाकून उभं केलं, ज्या पायात पिस्तूल तो मातीत रोवून. मग ताईंनी आधी डोक्यावरून पदर घेतला, मोठ्या माणसांपुढं घेतात तसा, आणि खाली बसून कापडावरनंच पिस्तुलाला हात घातला.

"वहिनी!" जयसिंगराव कळवळले. "मांडीला हात?"

"मांडी ठेवायची का नाही, भाऊजी?"

 ताईंनी चाचपून नळी कुठली, मूठ कुठली ते बघितलं, आणि नळीचं तोंड पायापासून बाहेर मातीच्या राशीकडं वळवून तिथंच घट्ट धरून ठेवलं.

"शालन, इकडं ये. माझ्या मागनं. नळीच्या बाजूनं नाही."

मी पिशवी घेऊन गेले. कातर काढली.

"कातर नको. आत चाप कुठं लागेल सांगता येत नाही. शिवण उसव. बाहेरच्या बाजूची. हळूहळू."

मी ब्लेड घेतली आणि खालून सुरुवात केली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी मनात तेहतीस कोटी देवांना बोलावलं. आयुष्यात हजारो शिवणी उसवल्या असतील, पण त्यांच्या पलीकडं कधी भरलेलं पिस्तूल नव्हतं. त्यात शिलाई दुहेरी, बारीक टाक्याची, वर लॉक मारलेली.

"लवकर की बाई!" जयसिंगराव म्हणाले.

"शिलाई चांगली आहे, भाऊ. टाका तुटता तुटत नाही. कुणाकडं शिवली?"

"पुण्यात. पुण्यात लक्ष्मी रोडला. अगं बाई, तू उसव!"

वीत गेली, दुसरी वीत गेली. गुडघा उघडा पडला. त्याच्या वरती पिस्तूल दिसायला लागलं, काळं, घामानं ओलं. आणि त्याच्याही वरती पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची चड्डी. रस्त्यापलीकडच्या वऱ्हाडानं ती नीट बघितली.

"बास," ताई म्हणाल्या. "आता लांब जा."

मी लांब गेले. ताईंनी मूठ धरली. बोट चापापासून दूर, बाजूला सरळ. पिस्तूल बाहेर आलं ते नळीचं तोंड मातीत ठेवूनच आलं. आधी खालचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवलं. मग वरचा भाग मागं ओढला, तशी नळीतली गोळी उडून मातीत पडली. मग आत डोळ्यांनी बघितलं, करंगळी घालून बघितलं, आणि परत एकदा डोळ्यांनी बघितलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. तीन आठवडे शिकल्या त्या लाकडाच्या तुकड्यावर ह्यातलं काही करून बघता येत नव्हतं. मॅगझिनवाल्या पिस्तुलाचं चाचांनी त्यांना नुसतं कागदावर चित्र काढून दाखवलं होतं.

चाचा बाकावरून उठून आले. त्यांनी आत बघितलं.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "आता बोलतो. बाईसाहेब, माझी एकतीस वर्षं फुकट नाही गेली."

जयसिंगराव हात वर ठेवूनच मातीवर बसले. कुणीतरी सांगितल्यावर खाली केले.

पँट मी तिथंच हातानं शिवली, ऑफिसात बसून. जयसिंगराव सदाशिवतात्यांचा पंचा गुंडाळून खुर्चीवर बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वहिनी, मघाशी मी दादाचं बोललो ते..."

"चहा घ्या," ताई म्हणाल्या.

"त्या रात्री तुम्ही फोन केलावता मला. मी उचलला न्हाई. पोल्ट्रीवर पार्टी होती." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "मीबी उचलला न्हाई, वहिनी."

ताईंनी बिस्किटाचा पुडा त्यांच्यापुढं सरकवला. मी खाली मान घालून टाके घालत राहिले.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांनी हरकतीचा कागद वाचला आणि विचारलं, "ह्या बाईंच्या हाती हत्यार दिलं तर लोकांच्या जिवाला धोका आहे, असं तुमचं म्हणणं?"

जयसिंगराव उठून उभे राहिले. "होतं साहेब. पण सोमवारी माझा स्वतःचा जीव त्यांच्या हातात होता. मांडीसकट. हरकत मागं घेतो."

लायसन मिळालं. मला गिऱ्हाइकं मिळाली. डॉक्टरीणबाई, एक वकीलबाई, दोन सराफांच्या घरच्या. पुढं मी ब्लाऊजचं काम कमी केलं आणि चामड्याचं मशीन घेतलं. आज माझ्या दुकानाच्या पाटीवर कव्हरचं चित्र आहे, आणि ते त्या दिवशी राशीपाशी शिवण उसवणाऱ्या हातांनी मिळवलंय असं मी मानते. तालुक्यात मात्र गोष्ट दुसरीच पसरली. निकमाच्या बाईनं भर पंपावर दिरावर हत्यार रोखलं, त्याला हात वर करायला लावले, आणि त्याची पँट उतरवली. मी वर्षानुवर्षं लोकांशी भांडत आले. असं काही झालंच नाही, मी तिथं होते, त्यांनी जीव वाचवला.

सात-आठ वर्षांपूर्वी कुमुदताईंनी पंप सुनेच्या हवाली केला, रिव्हॉल्वर परत जमा केलं आणि कव्हर घेऊन माझ्या दुकानात आल्या. "तुझं तुला," म्हणाल्या. मी ते हातात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं, की चामडं कोरं आहे. तोंडाला घासल्याची खूण नाही. निवारीवर घामाचा डाग नाही. एकोणीस वर्षं रोज कमरेला असतं तर तीनदा नवं करायला लागलं असतं.

"ताई, हे वापरलंच नाहीत?"

ताई पाटावर बसल्या. "लोक अजून म्हणतात ना, मी भाऊजींवर हत्यार रोखलं?"

"म्हणतात. मी भांडते त्यांच्याशी."

"भांडू नको." त्यांनी कव्हराच्या बटणावर बोट ठेवलं. "ते ह्यांच्याबद्दल बोलले, मी ह्यांना मारलं म्हणाले, तेव्हा माझा हात गेला होता. बटण काढलं होतं मी. मूठ धरली होती. आत लाकूड आहे, हे त्या घटकेला मला आठवलंच नाही, शालन. मी काढणारच होते. तेवढ्यात त्यांचं सुटलं."

मी कव्हर टेबलावर ठेवलं.

"म्हणून लायसन हातात आलं त्या दिवशी एक ठरवलं. सकाळी कपाट उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, आज कुणावर राग आहे? असला तर कपाट बंद. त्या दिवशी भरण्याला तात्यांना सोबत घ्यायचं. नसला तरच कमरेला लावायचं."

"आणि रोज राग असायचा?"

"अगं, पंचा गुंडाळून चहा प्यायले ना ते, दुसऱ्या दिवसापासनं भाऊजी मदतीला म्हणून पंपावर यायला लागले. सकाळी साडेआठला हजर. हे असं करा, ते तसं करा, डिझेलचा भाव मला विचारून सांगा, ह्या पोराला काढा, त्याला ठेवा." ताईंनी कपाळाला हात लावला. "एकोणीस वर्षांत त्या माणसानं एक दिवस सुट्टी घेतली नाही गं!"